खंड आहे का, अंत आहे का? : इंग्रजीतले ‘सतत’चे शब्द



आजचा विषय वरवर पाहिला तर इंग्रजीच्या तासाला शोभेल असा आहे. कंटिन्युअल, कंटिन्युअस, परपेच्युअल, पेरेनियल, इटर्नल हे शब्द शब्दकोशात आपण बघतो, तेव्हा प्रत्येकापुढे ‘सतत’, ‘अखंड’, ‘निरंतर’, ‘शाश्वत’ असे दोन-तीन प्रतिशब्द दिलेले असतात आणि ते आलटून पालटून सगळीकडे तेच असतात. मग वाटतं की हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत. तसे ते नाहीत. त्यांच्यात फरक आहे, आणि तो फरक फक्त भाषेचा नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यावर बोलावं याचं कारणही तेच. पण आधी माझी स्वतःची एक फजिती सांगतो.

एका अर्जाची गोष्ट

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी एका महाविद्यालयात तात्पुरता अधिव्याख्याता होतो. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही, त्याला आता काही अर्थ नाही. जूनमध्ये नेमणुकीचं पत्र हातात यायचं आणि एप्रिलच्या शेवटी सेवामुक्तीचं. मे महिना बिनपगारी. जूनमध्ये पुन्हा नवं पत्र. विद्यार्थी तेच, वर्ग तोच, खडूसुद्धा बहुधा तोच. अशी तीन वर्षं गेली. पुढे दुसरीकडे कायम झालो आणि हे सगळं विसरूनही गेलो.

निवृत्तीच्या वेळी पेन्शनची कागदपत्रं करताना ती तीन वर्षं आठवली. ती धरली जावीत म्हणून मी अर्ज लिहिला, इंग्रजीत. त्यात लिहिलं की मी तीन वर्षं ‘कंटिन्युअल सर्व्हिस’मध्ये होतो. कंटिन्युअस हा शब्द मला माहीत होता, पण कंटिन्युअल जरा भारदस्त वाटला. अर्ज परत आला. त्या शब्दाखाली लाल रेघ होती. मी भेटायला गेलो, तर तिथले गृहस्थ शांतपणे म्हणाले, “सर, तुम्हीच लिहून दिलंय की मध्ये मध्ये खंड आहे. कंटिन्युअल म्हणजे तेच ना?”

आता खरं सांगायचं तर खंड कागदावर होताच. माझ्या शब्दामुळे तो तयार झाला नाही. मी बरोबर शब्द लिहिला असता तरी ती वर्षं धरली गेली असती असं मी म्हणत नाही. पण घरी येताना बसमध्ये मी विचार करत होतो, आयुष्यभर विद्यार्थ्यांना संकल्पना काटेकोरपणे वापरा म्हणून सांगत आलो, आणि स्वतःच्या तीन वर्षांसाठी चुकीचं विशेषण निवडलं. तेव्हापासून हे शब्द माझ्या डोक्यात आहेत.

थेंब आणि धार

सुरुवात या दोघांपासून करू. नळ नीट बंद झाला नाही की थेंब थेंब पाणी पडत राहतं. टप्‌, मग जरा वेळ काही नाही, मग पुन्हा टप्‌. हे कंटिन्युअल. नळ पूर्ण सोडला की धार लागते. ती कंटिन्युअस. पहिल्यात घटना पुन्हा पुन्हा घडते आणि दोन घटनांच्या मध्ये जागा असते. दुसऱ्यात मध्ये जागाच नसते, त्यामुळे ‘किती वेळा?’ हा प्रश्नच विचारता येत नाही. थेंब मोजता येतात. धार मोजता येत नाही, तिची फक्त लांबी सांगता येते: दहा मिनिटं, अर्धा तास.

ही कसोटी लक्षात ठेवा. जिथे ‘किती वेळा?’ विचारता येतं तिथे कंटिन्युअल, आणि जिथे फक्त ‘किती वेळ?’ विचारता येतं तिथे कंटिन्युअस. मराठीत ‘वेळा’ आणि ‘वेळ’ यांत एका कान्याचा फरक आहे, तेवढा आपल्याला पुरतो.

पण हा नियम आकाशातून पडलेला नाही, हेही सांगितलं पाहिजे. दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आले आहेत आणि त्या मुळाचा अर्थ ‘एकत्र धरून ठेवणं’ असा आहे. त्यांपैकी कंटिन्युअल इंग्रजीत आधी आला, चौदाव्या शतकात. कंटिन्युअस त्यानंतर, सतराव्या शतकात. मधल्या काळात एकटा कंटिन्युअल दोन्ही कामं करत होता. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये नीतिसूत्रांच्या पुस्तकात पावसाळ्यातल्या गळक्या घराचा एक दाखला आहे, तिथे गळतीला लावलेलं विशेषण कंटिन्युअल हेच आहे. पुढे दोन शब्द हाताशी आहेत म्हटल्यावर लोकांनी कामं वाटून दिली आणि व्याकरणाच्या, शब्दवापराच्या पुस्तकांनी ती वाटणी पक्की केली. तरीही आज चांगलं इंग्रजी लिहिणारे लोक कंटिन्युअल हा शब्द न थांबणाऱ्या गोष्टीसाठी वापरतात. ती चूक म्हणायची की जुनी सवय, यावर वाद घालता येईल. माझ्या अर्जाच्या वेळी हे मला माहीत असतं तर त्या गृहस्थांशी बायबलचा आधार घेऊन भांडलो असतो. उपयोग झाला नसता म्हणा.

त्यांचे नातेवाईकही पाहून घेऊ. इंटरमिटंट म्हणजे थांबत थांबत होणारं. इथे जोर खंडावर आहे. रिकरंट म्हणजे परत येणारं. एकदा गेलं होतं, पुन्हा आलं. पीरियॉडिक म्हणजे ठरावीक अंतराने येणारं, भरती-ओहोटीसारखं. इन्सेसंट म्हणजे न थांबणारं, आणि त्यात एक वैताग असतो. इन्सेसंट पाऊस म्हणतात, इन्सेसंट बडबड म्हणतात, पण इन्सेसंट आनंद सहसा कुणी म्हणत नाही. कॉन्स्टंट मात्र वेगळ्या घरातला आहे. त्याचं मूळ ‘स्थिर उभं राहणं’ असं. तो खंडाबद्दल फारसं बोलत नाही, बदल नाही एवढंच सांगतो.

नंदादीप आणि वीणा

आता एक पाऊल पुढे जाऊ. देवघरातला नंदादीप घ्या. ज्योत अखंड असते. पण तेल? तेल कुणीतरी सकाळ-संध्याकाळ घालत असतं. म्हणजे तेल घालणं कंटिन्युअल आणि ज्योत कंटिन्युअस. आतली कृती तुटक आहे म्हणून बाहेरची गोष्ट अतुट राहते. घरातला फ्रीजही हेच करतो. त्याची मोटर चालू होते, बंद होते, पुन्हा चालू होते, आणि म्हणून आतला थंडावा कॉन्स्टंट राहतो. जगातल्या पुष्कळ ‘अखंड’ गोष्टींच्या मागे असं कुणीतरी वेळेवर तेल घालत असतं. घर चालवणाऱ्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

गावोगावी होणारा अखंड हरिनाम सप्ताह तुम्ही पाहिला असेल. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. कुणी एक माणूस सात दिवस उभा राहू शकत नाही, म्हणून पहारे लावलेले असतात. एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. माणसं बदलतात, वीणा जमिनीला टेकत नाही. आता विचारा, हे कंटिन्युअल की कंटिन्युअस? माणसांच्या बाजूने पाहिलं तर पाळ्या आहेत, त्या मोजता येतात. वीणेच्या बाजूने पाहिलं तर खंड नाही.

ॲरिस्टॉटलने आपल्या ‘फिजिक्स’मध्ये, पाचव्या पुस्तकात, नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. तो तीन पायऱ्या सांगतो. एकामागून एक येणाऱ्या गोष्टी, ही पहिली पायरी. रांगेतली घरं म्हणा, मध्ये अंगण असलं तरी चालेल. दुसरी पायरी एकमेकांना टेकलेल्या गोष्टींची. चाळीतल्या खोल्या शेजारी शेजारी असतात पण प्रत्येकीची हद्द वेगळी. आणि तिसरी, खरी अखंडता: जिथे एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात या दोन हद्दी उरतच नाहीत, एकच होतात. वीणा देताना एक क्षण असा असतो की दोघांचेही हात तिला लागलेले असतात. पहिल्याचा पहारा संपण्याची आणि दुसऱ्याचा सुरू होण्याची हद्द तिथे एक होते. म्हणून सप्ताह अखंड. माझ्या नोकरीत एप्रिलचं पत्र आणि जूनचं पत्र यांच्यामध्ये मे महिना होता. तो हातांत हात नव्हता.

पण ‘कंटिन्युअस’ म्हणवणाऱ्या सगळ्याच गोष्टी तशा असतात का? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मुलांचं मूल्यमापन कंटिन्युअस असावं असं म्हटलं आहे. आपल्याकडे त्याला ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ म्हणतात. प्रत्यक्षात शिक्षक काही दिवसांनी नोंद करतात, काही आठवड्यांनी चाचणी घेतात. काटेकोर बोलायचं तर ते कंटिन्युअल आहे. आमच्या वयाच्या मंडळींपैकी काहींच्या दंडाला साखर मोजणारं छोटं यंत्र लावलेलं असतं. त्याचं नाव कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर. तेही दर काही मिनिटांनी एक आकडा घेतं. ठिपके असतात, त्यांची रेघ पडद्यावर काढलेली असते. आणि सिनेमा? सेकंदाला २४ चित्रं. प्रत्येक चित्र स्थिर. चालणारा नट आपण डोक्यात तयार करतो.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७३९ मध्ये आलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात हाच संशय जगाबद्दल घेतला. मी टेबल बघतो, डोळे मिटतो, पुन्हा उघडतो. मला मिळतात ती एकापाठोपाठची, एकसारखी दिसणारी दर्शनं. मधल्या काळात टेबल होतंच, असं मी धरून चालतो. ते मी पाहिलेलं नसतं. ह्यूम म्हणतो की पुन्हा पुन्हा होणाऱ्या सारख्या दर्शनांवरून मन अखंड अस्तित्वाची कल्पना बांधतं. आपल्या शब्दांत सांगायचं तर हाताशी येतं ते कंटिन्युअल, आणि आपण मानतो ते कंटिन्युअस. हे चूक आहे असं मी म्हणणार नाही, त्याशिवाय जगता यायचं नाही. पण खंड बुजवण्याची ही मनाची सवय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तापाचे प्रकार

मराठी माणसाला हा फरक अवघड जाऊ नये, कारण तो आपल्या भाषेत आहे. ‘तो सतत फोन करतो’ म्हणताना फोन कानाला चिकटलेला आहे असं आपण समजत नाही. तो ठेवतो आणि पुन्हा करतो. पण ‘संततधार पाऊस’ म्हटलं की उघडीप नाही हे कळतं. सतत आणि संतत, दोन्ही संस्कृतातून आलेले सख्खे भाऊ.

आयुर्वेदाने या दोन भावांना अगदी नेमकी कामं दिली आहेत. चरकसंहितेत तापाच्या प्रकरणात ही यादी आहे. ‘संतत’ ज्वर म्हणजे सात, दहा किंवा बारा दिवस न सोडणारा. ‘सतत’ ज्वर म्हणजे दिवसरात्रीत दोन वेळा येणारा. ‘अन्येद्युष्क’ म्हणजे रोज एकदा. ‘तृतीयक’ आणि ‘चतुर्थक’ म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी येणारे. बघा, संतत आणि सतत यांच्यात बरोब्बर कंटिन्युअस आणि कंटिन्युअल यांचा फरक धरला आहे.

युरोपातल्या वैद्यांनीही तापाला असेच शब्द लावले. कंटिन्यूड, म्हणजे उतरतच नाही. रेमिटंट, म्हणजे खाली येतो पण पूर्ण उतरत नाही. इंटरमिटंट, म्हणजे पूर्ण उतरतो आणि पुन्हा चढतो. त्यातही रोजचा तो कोटिडियन, तिसऱ्या दिवसाचा टर्शन, चौथ्या दिवसाचा क्वार्टन. मलेरियाच्या बाबतीत हे शब्द अजून पुस्तकांत आहेत. गंमत अशी की टर्शन ताप ४८ तासांनी येतो, म्हणजे एक दिवस सोडून. मग तिसरा कसा? तर आजचा दिवस पहिला धरायचा. सोमवारी आला, मंगळवारी नाही, बुधवारी आला: सोमवार पहिला, बुधवार तिसरा. रोमन लोक असं मोजत आणि आपले तृतीयक, चतुर्थकही असेच मोजलेले. ज्या काळात रक्त तपासता येत नव्हतं, त्या काळात ताप मध्ये उतरतो का आणि किती वेळाने पुन्हा येतो हाच निदानाचा मोठा आधार होता. तिथे सतत आणि संतत यांत गल्लत केली तर निदान चुकलं आणि त्याबरोबर औषधही.

शेवट नसणं

इथपर्यंत आपण एकच प्रश्न विचारला: मध्ये खंड आहे का? आता दुसरा: शेवट आहे का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि बहुतेक घोटाळे ते एकत्र केल्याने होतात. सप्ताहाला खंड नाही पण शेवट आहे, आठव्या दिवशी काला होतो. पंढरीच्या वारीला दर वर्षी खंड आहे, पण ती संपेल असं कुणी मानत नाही.

पेरेनियल या शब्दात ‘वर्ष’ लपलेलं आहे. पेरेनियल नदी म्हणजे वर्षभर वाहणारी, आपली बारमाही नदी. पण वनस्पतिशास्त्रात पेरेनियल म्हणजे अनेक वर्षं जगणारं झाड, त्याला मराठीत बहुवर्षायू म्हणतात. एकाच इंग्रजी शब्दात ‘वर्षभर’ आणि ‘वर्षानुवर्षं’ हे दोन अर्थ आहेत, आपण त्यांना दोन शब्द दिले. काही बहुवर्षायू वनस्पती वरून पूर्ण वाळतात आणि पावसाळ्यात कंदातून पुन्हा फुटतात. दिसतात तुटक, जगतात अखंड.

परपेच्युअल म्हणजे शेवट न ठरलेलं. याचं सगळ्यात प्रसिद्ध रूप म्हणजे परपेच्युअल मोशन, एकदा ढकललं की कायम फिरत राहणारं चाक. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त अशा स्वयंवह यंत्राचं वर्णन केलं आहे. चाकाच्या पोकळ आऱ्यांत पारा अर्धा भरायचा, म्हणजे तो एका बाजूला सरकत राहील आणि चाक आपोआप फिरेल. युरोपातही नंतर अशी चाकं पुष्कळांनी कल्पिली. त्यातलं एकही चाललं नाही, चालणारही नाही, कारण घर्षणात ऊर्जा जाते आणि ती बाहेरून कुणीतरी भरावी लागते. नंदादीपाचं तेल पुन्हा आठवा.

कायद्यातला परपेच्युअल मात्र वेगळा आहे. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात मनाई हुकूम दोन प्रकारचे आहेत, तात्पुरता आणि परपेच्युअल. दुसऱ्याला आपण ‘कायम मनाई हुकूम’ म्हणतो. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांपैकी एकाला असा हुकूम मिळाला, तर तो विश्वाच्या अंतापर्यंत चालणार असा त्याचा अर्थ नसतो. दाव्याचा निकाल लागेपर्यंतचा तो तात्पुरता. निकालातच दिलेला आणि पुढची तारीख न घातलेला तो कायम. म्हणजे इथे परपेच्युअल याचा अर्थ इतकाच, की शेवट ठरवलेला नाही. शेवट नाहीच, असा नव्हे.

काळाच्या बाहेर

आता तिसरा प्रश्न, आणि तो सगळ्यात अवघड आहे. ही गोष्ट काळात आहे की काळाच्या बाहेर?

सहाव्या शतकात बोएथियस नावाचा रोमन विद्वान थिओडोरिक राजाच्या कैदेत मृत्युदंडाची वाट बघत होता. तिथे त्याने तत्त्वज्ञानापासून मिळणाऱ्या सांत्वनावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या भागात तो हा भेद करतो: जग कधीच संपणार नाही असं समजलं, तरी ते परपेच्युअल आहे, इटर्नल नाही. कारण जगाचा काल गेलेला असतो आणि उद्या यायचा असतो. ते एका क्षणातून दुसऱ्या क्षणात सरकत राहतं. इटर्नल म्हणजे ज्याला काल आणि उद्याच नाही, सगळं आयुष्य एकदम हातात आहे असं. ते फक्त ईश्वराचं, असं तो म्हणतो. म्हणजे खूप खूप लांबवलेला काळ इटर्नल होत नाही. इथे लांबीचा प्रश्नच नाही. ‘दोन आणि दोन चार’ हे किती वर्षं खरं आहे, असं आपण विचारत नाही, तसं.

आपल्याकडेही हे आहे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात नित्यता दोन प्रकारची सांगितली आहे. एक कूटस्थ नित्य, जे बदलतच नाही, ते पुरुषाचं. दुसरं परिणामी नित्य, जे बदलत बदलत टिकतं, ते प्रकृतीचं. इटर्नल आणि परपेच्युअल यांच्याशी हे तंतोतंत जुळतं असं मी म्हणणार नाही, पण एकाच शंकेची ही दोन उत्तरं आहेत.

आणि भाषांतर करणाऱ्यांची अडचण बघा. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात, मूळ ग्रीकमध्ये एकच विशेषण दोनदा आलं आहे, एकदा शिक्षेला आणि एकदा जीवनाला. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी शिक्षेला एव्हरलास्टिंग म्हटलं आणि जीवनाला इटर्नल. एव्हरलास्टिंग हा अस्सल इंग्रजी शब्द, म्हणजे ‘टिकतच राहणारा’. इटर्नल लॅटिनमधला. १८८१ च्या सुधारित भाषांतरात दोन्हीकडे इटर्नल केलं गेलं. नुसतं वैविध्य म्हणून बदललेला शब्द, पण वाचणाऱ्याला शंका येणारच: नरक टिकतो आणि स्वर्ग काळाच्या पलीकडे असतो की काय? मूळ लेखकाने असं काही म्हटलेलं नव्हतं.

तक्रारीची भाषा

इथून आपण पुन्हा घरात येऊ. इंग्रजी व्याकरणात एक प्रयोग आहे. एखादा माणूस वारंवार पैसे मागतो, ही पुन्हा पुन्हा होणारी गोष्ट आहे, म्हणून साधा वर्तमानकाळ पुरे. पण इंग्रज माणूस वैतागला की ‘फॉरएव्हर’ किंवा ‘ऑलवेज’ घालून चालू वर्तमानकाळ वापरतो, जणू तो माणूस आत्ता या क्षणीही मागतोच आहे आणि विश्वाच्या अंतापर्यंत मागत राहणार आहे. कधीच न संपणाऱ्या गोष्टीचा शब्द चार-पाच वेळा झालेल्या गोष्टीला लावला जातो.

ही इंग्रजांचीच खोड नाही. पतंजलीने ‘महाभाष्या’च्या पहिल्याच आह्निकात हे टिपलं आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. ‘नित्य’ हा शब्द फक्त अचल गोष्टींनाच लागतो असं नाही, तो म्हणतो, पुन्हा पुन्हा होण्यालाही लागतो. उदाहरण काय, तर नित्य हसणारा, नित्य बडबडणारा माणूस. शब्द नित्य आहे की नाही हा केवढा गंभीर प्रश्न, आणि त्यात हे बडबड्या माणसाचं उदाहरण. मला ते वाचताना नेहमी बरं वाटतं.

पण यात एक धोका आहे. ‘तू सतत उशिरा येतोस’, ‘तुम्ही कधीच ऐकत नाही’, ही वाक्यं आपण बोलतो तेव्हा मधले खंड पुसून टाकतो. आलेला माणूस ज्या दिवशी वेळेवर आला तो दिवस मोजला जात नाही. ह्यूमने टेबलाबद्दल सांगितलेली मनाची सवय आपण माणसांना लावतो. तिथे मात्र ती अन्यायाची होते.

खंड कोण मोजतो?

याच्या उलटही होतं, तोही अन्यायच. कायद्याने हे फार चांगलं ओळखलं होतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-ब कलमात कंटिन्युअस सर्व्हिसची व्याख्या होती. त्यात म्हटलं होतं की आजारपण, मंजूर रजा, अपघात, बेकायदा नसलेला संप, टाळेबंदी, किंवा कामगाराचा दोष नसताना थांबलेलं काम, यांमुळे पडलेला खंड हा खंड धरायचा नाही. शिवाय बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम झालं असेल तर ते वर्ष अखंड मानायचं. खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यासाठी १९० दिवस. कायदा बनवणाऱ्यांना माहीत होतं की धार म्हणून कुठलीही नोकरी नसते, माणूस आजारी पडतोच. प्रश्न खंड आहे का एवढाच नाही. तो कुणी पाडला, आणि त्याचं ओझं कुणावर टाकायचं, हाही आहे.

मला तो कायदा लागू नव्हता. शिक्षक हे त्या कायद्यातले ‘वर्कमन’ नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शाळेच्या प्रकरणात दिला. असो. पण माझ्या अर्जात मी काय लिहायला हवं होतं ते मला आता कळतं. कंटिन्युअस लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, कंटिन्युअल लिहिलं ते अर्धंच खरं होतं. लिहायला हवं होतं ते साध्या वाक्यात: दर मे महिन्यात मला सेवामुक्त केलं जाई आणि दर जूनमध्ये त्याच कामावर परत घेतलं जाई. विशेषण वापरलं की खंड कुणी पाडला हे झाकलं जातं. क्रियापद वापरलं की सांगावं लागतं.

एक प्रश्न

व्याख्यानानंतर एका श्रोत्या ताईंनी विचारलं, “सर, हे सगळं ठीक, पण आम्ही इंग्रजीत पत्र लिहिताना कोणता शब्द वापरायचा? तुमच्यासारखी लाल रेघ नको.”

ताई, तीन प्रश्न विचारा. मध्ये खंड आहे का? असेल तर कंटिन्युअल, ठरावीक अंतर असेल तर पीरियॉडिक, जाऊन परत येत असेल तर रिकरंट. खंड नसेल तर कंटिन्युअस. शेवट ठरलेला आहे का? नसेल तर परपेच्युअल किंवा परमनंट. गोष्ट काळाच्याच बाहेरची आहे का? तर इटर्नल, आणि तो सरकारी पत्रात सहसा लागत नाही. शंका असेल तर विशेषण सोडून द्या आणि आकडा लिहा. ‘तीन दिवस, रोज संध्याकाळी चार ते सहा पाणी येत नाही’ असं लिहिलंत तर कुठलाही अधिकारी त्याखाली लाल रेघ मारणार नाही. डॉक्टरकडे गेल्यावरही तेच. ‘सतत दुखतं’ म्हणू नका. रात्री दुखतं, की जेवल्यावर, की उतरतच नाही, ते सांगा. चरकाच्या वैद्यालाही तेच हवं होतं.

आणि घरात कुणाला ‘तू नेहमीच’ म्हणायची वेळ आली, तर आधी मोजून बघा. मी अलीकडे मोजतो. आकडा बहुतेक वेळा वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघतो.